मोटारसायकल देऊन जुना पिकअप घ्यावा का? सौदा करण्याआधी हा हिशेब करा

आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगर म्हणजेच औरंगाबादेत, सध्या एक प्रश्न बऱ्याच घरांत चर्चेला येतो. घरात एक चांगली मोटारसायकल आहे. तिला भावही चांगला येतो. समोरून कुणीतरी सांगतो, "गाडी दो, गाडी लो. वरचे थोडे पैसे द्या आणि माझा पिकअप घेऊन जा." तो पिकअप जुना असतो, पण दणकट दिसतो. कधी टाटा 207, कधी महिंद्राची जीपवजा गाडी, तर कधी एखादी मॅटाडोर असते. तरुण मुलाला वाटते की नोकरी किती दिवस करायची, आपली स्वतःची मालगाडी असली तर जाधववाडीच्या मार्केटचा माल वाहू, फर्निचरची भाडी मारू, चार पैसे सुटतील. शिवाय बँकेचे कर्ज नाही, व्याज नाही. ज्या घरांत व्याजापासून लांब राहायचे असते, त्यांना अदलाबदलीचा हा रस्ता साफ वाटतो.

विचार चुकीचा नाही. पण दोन गाड्यांची अदलाबदल दिसते तितकी साधी नसते. मोटारसायकल ही घरची खासगी गाडी असते आणि पिकअप हे कायद्याच्या भाषेत परिवहन वाहन असते. गाडी बदलली की विमा, पासिंग, लायसन्स, टॅक्स आणि जबाबदारी हे सगळेच बदलते. म्हणून हा लेख. "घ्या" किंवा "घेऊ नका" असे सरसकट उत्तर यात नाही. उत्तर कसे काढायचे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

या गाड्या आल्या कुठून

आपल्याकडे कुठल्याही छोट्या मालगाडीला "टेम्पो" म्हणतात. हे खरे तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचे नाव. तिच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनीने 1958 पासून तीनचाकी टेम्पो आणले आणि ते नाव बोलीभाषेत रुळले. याच कंपनीची मॅटाडोर 1969 मध्ये आली. पुढे 2005 मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. महिंद्राने 1947 पासून विलिज जीप बाजारात आणली आणि त्याच घराण्यातून पुढे त्यांच्या मालवाहू गाड्या निघाल्या. टाटांचा पिकअप 1988 मध्ये टाटामोबाइल या नावाने आला आणि 207 हा त्याच वंशातला. 2005 मध्ये टाटा एस आली, जिला आपण "छोटा हत्ती" म्हणतो. तिने गल्लीबोळातल्या मालवाहतुकीचे गणितच बदलून टाकले.

दुचाकीच्या बाजूने पाहिले तर आपल्या शहराचे नाते आणखी जवळचे आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्यानंतर इथल्या कितीतरी घरांची पहिली गाडी बजाजचीच होती. त्याच वर्षी आलेली यामाहा आरएक्स 100 पुढे 1996 मध्ये बंद झाली, तरी आजही चांगल्या अवस्थेतली आरएक्स लोक शोधत येतात. म्हणजे जुन्या दुचाकीला शौकिनांचा भाव मिळतो. जुन्या पिकअपचे तसे नाही. त्याचा भाव तो किती काम करतो आणि त्याचे कागद किती साफ आहेत, यावर ठरतो. अदलाबदलीत हा फरक सगळ्यात आधी ध्यानात ठेवायचा.

"क्लासिक" म्हणजे कायद्यात काय

विकणारा हमखास म्हणतो, "ही क्लासिक गाडी आहे, हिला सूट असते." ही सूट नीट समजून घ्या. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. त्यात गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असावी लागते, मूळ रूपात असावी लागते आणि तिचा वापर बिगर-व्यावसायिक, खासगी असावा लागतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षांसाठी मिळते. नंबर प्लेटवर "व्हीए" ही अक्षरे येतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

म्हणजे भाडे मारण्यासाठी घेतलेल्या पिकअपला या सवलतीचा काहीही उपयोग नाही. 1988 नंतरच्या टाटाला तर अजून 50 वर्षेही झालेली नाहीत. "क्लासिक" हा शब्द सौद्यात भाव वाढवायला वापरला जातो. आरटीओच्या खिडकीवर त्याला किंमत नाही.

पंधरा वर्षांची भीती किती खरी

दुसरा समज याच्या अगदी उलटा आहे. "पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात जाते" असे लोक म्हणतात. दिल्ली आणि आसपासच्या भागात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्या बातम्यांवरून हा समज पसरला. सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरील गाड्यांची नोंदणीही 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू ठेवली जात नाही. पण आपल्याकडच्या खासगी मालकीच्या गाड्यांना असा सरसकट नियम लागू नाही.

मोटारसायकलसारख्या खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासून दर 5 वर्षांसाठी ती वाढवून मिळते. समजा 1996 ची आरएक्स असेल, तर तिचे नूतनीकरण 2011, 2016, 2021 मध्ये झालेले असायला हवे. नसेल झाले, तर ती गाडी कागदावर बंद आहे आणि समोरच्याने तिला पूर्ण भाव द्यावा अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारसायकलच्या नूतनीकरणाची फी 1,000 रुपये झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारसायकलसाठी ती 2,000 रुपये केली गेली. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो.

पिकअपचा नियम वेगळा आहे. मालवाहू गाडीची नोंदणी तिच्या फिटनेसवर, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो त्यावर चालते. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांचे मिळते. त्यानंतर दरवर्षी करावे लागते. म्हणजे वीस वर्षांचा पिकअप घेतला तर दर वर्षी गाडी दुरुस्त करा, रंगवा, तपासायला न्या, फी भरा. गाडी जितकी जुनी, तितकी फी जास्त. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते.

दिल्लीकडून स्वस्तात आलेले पिकअपही इकडे विकले जातात. त्यात तिकडच्या आरटीओची एनओसी आहे का, ते आधी पाहा. एनओसी नसेल तर गाडीला एमएच 20 नंबर मिळणार नाही. शिवाय इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. स्वस्त गाडी मग स्वस्त राहत नाही.

विमा: सगळ्यात मोठा फरक

सौदा करताना हा आकडा फार कमी लोक विचारतात. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीच्या दुचाकीसाठी वर्षाला 714 रुपये आहेत. 150 ते 350 सीसीसाठी 1,366 रुपये. भाड्याने माल वाहणाऱ्या 7,500 किलोपर्यंतच्या चारचाकी गाडीसाठी हाच आकडा 16,049 रुपये आहे. फक्त स्वतःचाच माल वाहणार असाल, तर 8,510 रुपये. यावर कर वेगळा.

714 आणि 16,049. गाडी दारात उभी राहिली तरी हा खर्च चुकत नाही. मालगाडीने कुणाला धक्का लागला तर नुकसान मोठे होते, म्हणून हा दर आहे. काही जण स्वतःच्या मालाचा स्वस्त विमा काढतात आणि गाडी भाड्याने चालवतात. अपघात झाल्यावर हा वापर उघड होतो आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पिकअप आला की लग्नाला, उरुसाला, सहलीला सगळे मागे बसतात. खुलताबादच्या रस्त्यावर हे दृश्य नेहमीचे आहे. मालगाडीत असे फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या अखेरीस स्पष्ट केले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात बसतो, वऱ्हाड बसत नाही. पिकअप ही घरच्या माणसांची गाडी नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच समजावून सांगा.

लायसन्स आणि परमिट

मुलाकडे फक्त दुचाकीचे लायसन्स असेल तर त्यावर पिकअप चालवता येत नाही. हलक्या मोटारीचे, म्हणजे एलएमव्ही लायसन्स काढावे लागते. लर्निंगनंतर पक्क्या लायसन्ससाठी किमान 30 दिवस थांबावे लागते. दिलासा असा, की नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे की 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीसाठी एलएमव्ही लायसन्स पुरेसे आहे, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही.

परमिटबाबतही अशीच सूट आहे. गाडीचे मालासह एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परमिट लागत नाही. हे वजन आरसीवर लिहिलेले असते. काही पिकअप या रेषेच्या आत आहेत, काही बाहेर. तोंडी माहितीवर जाऊ नका, आरसी वाचा.

आरसीवर गाडीचा प्रकारही पाहा. जुनी जीप मागून कापून पिकअप केलेली असते, पण कागदावर ती अजून जीपच असते. कधी मूळ इंजिन काढून दुसरे बसवलेले असते. आरटीओच्या मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही, तर नाव चढवताना गाडी अडकते.

अदलाबदल म्हणजे दोन विक्र्या

आता मुख्य मुद्दा. बरेच लोक समजतात की पैशांचा व्यवहार नाही, म्हणजे विक्री नाही. चाव्या बदलल्या, स्टॅम्प पेपरवर दोन ओळी लिहिल्या, काम झाले. कायदा असे मानत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अदलाबदलीसाठी वेगळी कलमे आहेत. त्यानुसार प्रत्येक पक्ष आपण दिलेल्या वस्तूबाबत विकणारा असतो आणि घेतलेल्या वस्तूबाबत विकत घेणारा असतो. म्हणजे तुम्ही एकाच दिवशी विक्रेता आणि ग्राहक दोन्ही आहात. दोन्हींच्या जबाबदाऱ्या तुमच्यावर आहेत.

म्हणून कागदही दोनदा करायचे. मोटारसायकलसाठी फॉर्म 29 आणि 30, पिकअपसाठी पुन्हा फॉर्म 29 आणि 30. देणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव चढवून घ्यायचे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म 35. गाडी दुसऱ्या जिल्ह्याची असेल, जालन्याची एमएच 21 किंवा बीडची एमएच 23, तर त्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर घ्यायची.

हे न केल्यास काय होते? फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण होते. एका माणसाने आपली गाडी विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. आरसीवर मात्र पहिल्याचेच नाव राहिले. गाडीचा विमा नव्हता. अपघात झाला, त्यात जीव गेला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर टाकली. गाडी विकून त्याला जवळपास दोन वर्षे झाली होती.

हे आपल्या मोटारसायकलला लावून पाहा. तुम्ही ती दिली, समोरच्याने कुणाला तरी पुढे दिली. आता तिचा चलान तुमच्या मोबाइलवर येणार. ती कुठल्या गुन्ह्यात वापरली गेली तर पोलीस आरसीवरच्या पत्त्यावर येणार. निर्दोष असूनही ठाण्याच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागणार. आपल्या मोहल्ल्यांत या चकरांचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. पिकअप मिळाल्याच्या आनंदात लोक दिलेल्या गाडीचे कागद विसरतात. खरे तर दिलेल्या गाडीचे कागद आधी पूर्ण करावेत.

गाडी अब्बांच्या नावावर असेल तर

जुन्या गाड्यांमध्ये हे नेहमी आढळते. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, ते हयात नसतात आणि घरातला एक मुलगा ती वापरत असतो. अशी गाडी थेट बदलून देता येत नाही. आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते.

इथे कागदापलीकडचीही गोष्ट आहे. अब्बांची गाडी ही वारशाची मालमत्ता आहे. तिच्यात अम्मीचा आणि बहिणींचाही हिस्सा आहे. "बहीण कशाला विचारेल, जुनी गाडी तर आहे" असे म्हणून परस्पर सौदा करू नये. विचारले तर बहुतेक बहिणी आनंदाने हो म्हणतात. न विचारता केले तर तेच वर्षानुवर्षे मनात राहते.

तसेच ऐब लपवण्याचे. आपण दोन्ही बाजूंनी विकणारे आहोत, हे वर पाहिले. आपल्या मोटारसायकलचे इंजिन कधी खोलले होते, अपघात झाला होता का, हे समोरच्याला सांगा आणि पिकअपबद्दल तेच त्याला विचारा. दोन्ही गाड्यांचे दोष सौद्याच्या कागदावर लिहून खाली सह्या करा. पुढचे भांडण तिथेच मिटते.

गाडी तपासताना

मिस्त्री सोबत न्या, पण विकणाऱ्याचा मिस्त्री नको. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरेच ऐब लपवते. धुराचा रंग पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. सतत काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि अशा गाडीला पीयूसी मिळणेही अवघड होते.

मग गाडीखाली झोपून चेसिस बघा. रंग नवा असेल तर जास्त बारकाईने बघा, कारण गंज आणि वेल्डिंग रंगाखाली झाकले जातात. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी ताडून पाहा. मागचे पाटे तुटलेले किंवा सपाट झालेले आहेत का, स्टिअरिंगला किती ढिलाई आहे, ब्रेक एका बाजूला ओढतो का, हे चालवून पाहा. रिकामी गाडी सगळ्यांची चांगलीच चालते. शक्य असेल तर थोडा माल टाकून दौलताबादवरून खुलताबादच्या घाटात नेऊन आणा. चढावर दम आणि उतारावर ब्रेक, दोन्ही तिथे कळतात.

गाडीचा नंबर टाकून सरकारी परिवहन अॅपवर नोंदणी, पासिंग, विमा, कर्जाचा बोजा हे पाहता येते. बाकी चलान किती आहेत तेही दिसते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट लावली आहे का, तेही विचारा. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

महिन्याचा हिशेब मांडून पाहू

आता एक उदाहरण घेऊ. यातला विम्याचा आकडा दरपत्रकातला आहे. बाकीचे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही तिथे आपले आकडे टाका.

पिकअपचा विमा 16,049 रुपये. पासिंग, टॅक्स, फास्टॅग वगैरे वर्षाला 8,000 धरू. जुनी गाडी म्हणून टायर-दुरुस्ती महिन्याला 3,000, म्हणजे वर्षाला 36,000. एकूण साधारण 60,000. म्हणजे महिना 5,000 रुपये, गाडी चालो वा न चालो.

आता मोटारसायकल गेली, म्हणून कामावर जायलाही पिकअपच. घर ते वाळूज किंवा शेंद्रा आणि परत असे रोज 30 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 780 किलोमीटर धरू. मोटारसायकल लिटरला 50 किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर महिन्याला 1,638 रुपये. पिकअप लिटरला 10 किलोमीटर देत असेल आणि डिझेल 90 रुपये धरले, तर 7,020 रुपये. फरक 5,382 रुपये.

दोन्ही मिळून महिन्याला 10,382 रुपयांचा बोजा. मोटारसायकलचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून महिना 560 रुपये वाचतात असे धरून वजा केले, तर उरतात 9,822. एका भाड्यामागे डिझेल वगळता 400 रुपये सुटत असतील, तर फक्त बरोबरीत यायला महिन्याला 25 भाडी लागतात. म्हणजे नोकरी सांभाळून जवळपास रोज एक. यात गाडीची किंमत वसूल झालेली नाही आणि तुमच्या मेहनतीचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता हेच उलट करून बघा. मोटारसायकल ठेवली आणि पिकअप वेगळा घेतला, तर कामावर जाण्याचे 5,382 वाचतात. मग 13 भाड्यांत गाडी उभी राहते. म्हणजे नुकसान पिकअपमुळे कमी आणि मोटारसायकल गेल्यामुळे जास्त होते. अदलाबदलीच्या सौद्यात नेमके हेच दिसत नाही.

पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टीही आहेत. मुलांना शाळेत सोडायचे, रात्री कुणाला घाटीत न्यायचे, तर मोटारसायकल दोन मिनिटांत निघते. मकई दरवाजा, महमूद दरवाजा किंवा बारापुल्ला दरवाजातून गर्दीच्या वेळी दुचाकी सरकत सरकत निघून जाते, पिकअप तिथे रांगेत उभा राहतो. जुन्या शहराच्या गल्लीत तो रात्री लावायचा कुठे, हा प्रश्न शेजाऱ्यांशी संबंध बिघडवणारा ठरतो. दुसरीकडे, समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि पिकअप टोल भरून जाऊ शकतो. ज्याला जालना, नाशिककडे माल न्यायचा आहे, त्याला याचा खरा उपयोग आहे.

मग घ्यावा कुणी?

ज्याचा स्वतःचा माल रोज हलतो, त्याने जरूर विचार करावा. भाजी, फळे, बांधकामाचे साहित्य, फर्निचर, मंडप, भंगार असा धंदा असेल आणि आज तो दर महिन्याला टेम्पोवाल्याला भाडे देत असेल, तर ते भाडे एका वहीत तीन महिने लिहून ठेवावे. ती रक्कम वरच्या हिशेबापेक्षा जास्त भरली, तर पिकअप घरात यायला हरकत नाही. घरात दुसरी दुचाकी असेल तर आणखी चांगले.

ज्याची पगाराची नोकरी आहे आणि "सुटीच्या दिवशी भाडी मारू" असा बेत आहे, त्याने आपली एकमेव मोटारसायकल देऊ नये. महिन्यात चार-पाच रविवार येतात आणि भाडी लागतात पंचवीस. त्याने आधी तीन महिने दुसऱ्याचा टेम्पो दिवसाच्या भाड्याने घेऊन धंदा करून पाहावा. गिऱ्हाईक मिळते का, पाठ टिकते का, उधारी किती राहते, सगळे कळेल. अनुभव कर्ज न काढता आणि गाडी न गमावता मिळेल.

आणि ज्याला फक्त जुन्या गाडीचा शौक आहे, त्याने तो शौक आहे असे घरात मोकळेपणाने सांगावे. शौकाला कमाईचे नाव दिले की हिशेब बिघडतो आणि घरचे बोल ऐकावे लागतात.

सौदा ठरलाच, तर क्रम असा ठेवा. आधी दोन्ही गाड्यांची माहिती अॅपवर तपासा. मग मिस्त्रीकडून तपासणी. मग दोन्ही गाड्यांची वेगवेगळी किंमत कागदावर लिहा, म्हणजे वरचे पैसे किती आणि का, हे स्पष्ट राहील. वरचे पैसे रोख न देता खात्यातून द्या. त्यानंतर दोन्ही बाजूंचे फॉर्म एकाच दिवशी भरा, दोन्ही विम्यांचे अर्ज करा, आणि शक्य असेल तर थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवा. पिकअपवर तुमचे नाव आले आणि मोटारसायकलवरून तुमचे नाव गेले, हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा पुरा झाला असे समजू नका.